‘पंधरा दिवसांनी’ हा आकडा कॅलेंडरमध्ये नेमका कसा भरावा?

सचिव, ब विंग (8 मार्च 2026)

नमस्कार.

आमच्या बेचाळीस सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद जानेवारीपासून माझ्याकडे आले आहे. आधीचे सचिव सर्व तारखा एका लांबट हिशेबाच्या वहीत लिहीत असत. मी हौसेने त्या सगळ्या गूगल कॅलेंडरवर चढवल्या, जिथे जिथे काम पुन्हा पुन्हा यायचे तिथे पुनरावृत्ती लावली आणि समितीच्या अकरा सदस्यांना ते कॅलेंडर दिसेल अशी व्यवस्था केली. दोन महिन्यांत त्यातून जे काही निष्पन्न झाले, ते खाली तारखांसह देत आहे, कारण तारखांवाचून चूक कुठे आहे हे कोणाला सांगता येईल असे वाटत नाही.

समितीची सभा पंधरा दिवसांनी शनिवारी संध्याकाळी सात वाजता भरते, असे मला सांगण्यात आले होते. म्हणून 10 जानेवारीची सभा नोंदवून मी ‘दर 15 दिवसांनी’ असे भरले. पुढची सूचना 25 जानेवारीला, म्हणजे रविवारी, आली. मग ती नोंद काढून 24 जानेवारीपासून ‘दर 2 आठवड्यांनी’ असे केले. त्यावर 7 फेब्रुवारीला सूचना गेली, तीन सदस्य गच्चीवरच्या कुलूपबंद सभागृहापाशी जाऊन उभे राहिले, आणि त्यांच्यापैकी एका ज्येष्ठ सदस्यांनी मला फोन करून सांगितले की, सभा दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी असते, ज्या शनिवारी बँका बंद असतात त्याच दिवशी, आणि हे या इमारतीत लहान मुलालाही ठाऊक आहे.

नळाचे पाणी आमच्याकडे तीन दिवसांआड येते. 2 फेब्रुवारीला पाणी आले, म्हणून तिथून ‘दर 3 दिवसांनी’ असे लावले. 5 तारखेची सूचना आली, पाणी आले नाही. 6 तारखेला पाणी आले, सूचना आली नाही. 8 ची सूचना फुकट गेली, 10 चे पाणी न सांगता आले. गंमत म्हणजे 14 तारखेला दोन्ही अचूक जुळले, त्यामुळे दोष माझ्या फोनचा असावा असे समजून मी तो एकदा बंद करून पुन्हा सुरूही केला.

सुरक्षारक्षकांच्या एजन्सीचे बिल महिनाअखेरीस द्यायचे असते. ती नोंद 31 जानेवारीला करून ‘दर महिन्याला’ लावली. फेब्रुवारीत सूचनाच आली नाही. पाण्याची टाकी ठरावानुसार दर पंचेचाळीस दिवसांनी धुवायची असते. 5 जानेवारीनंतरची पाळी 19 फेब्रुवारीला आली, त्या दिवशी शिवजयंतीची सुट्टी असल्याने माणसे आली नाहीत, आणि टाकी 24 ला धुतली गेली. मी ती नोंद 24 वर सरकवली, तरी पुढची नोंद 5 एप्रिललाच दिसते आहे.

शेवटची तक्रार संकष्टीच्या आरतीची. 6 जानेवारी आणि 5 फेब्रुवारी या दोन संकष्टींमध्ये तीस दिवसांचे अंतर आहे असे पाहून ‘दर 30 दिवसांनी’ लावले होते. काल, 7 मार्चला, मोदकांची सूचना सर्वांना गेली आणि संकष्टी परवाच झाल्याचे तळमजल्यावरच्या आजींनी सर्वांदेखत सांगितले.

हे सॉफ्टवेअर सदोष आहे, की ते वापरण्याची माझी पद्धत? मी प्रोग्रॅमर नाही. फोन आणि संगणक रोजच्या कामापुरता वापरतो, हे ध्यानात घेऊन उत्तर द्यावे ही विनंती.

अंकगणित

सचिव महोदय, तारखा दिल्याबद्दल आभार. त्यामुळे अंदाज बांधत बसावे लागले नाही. दोष सॉफ्टवेअरचा कमी, तुमचा त्याहून कमी आणि आपल्या भाषेचा बराच आहे.

मराठीत दिवस मोजण्याच्या दोन वेगळ्या रीती नांदतात आणि कॅलेंडरची रीत त्या दोन्हींहून निराळी आहे. शनिवारी कोणी म्हणाले की ‘आठ दिवसांनी ये’, तर आपण पुढच्या शनिवारी जातो, रविवारी नाही. कारण आजचा शनिवारही आपण मोजणीत धरलेला असतो. म्हणजे बोलण्यातले आठ दिवस हे कॅलेंडरातले सात असतात आणि बोलण्यातले पंधरा दिवस हे चौदा. कॅलेंडर मात्र दोन नोंदींमधले अंतर मोजते, आणि 15 म्हटले की खरोखरीच पंधरा दिवस पुढे जाते. म्हणूनच तुमची सभा शनिवारवरून रविवारवर घसरली, आणि तशीच ठेवली असती तर पुढच्या खेपेला सोमवारी भरली असती. याच्या उलट ‘आड’ या शब्दाचे आहे. तीन दिवसांआड पाणी, म्हणजे मधले तीन दिवस कोरडे आणि चौथ्या दिवशी पाणी. तेव्हा पुनरावृत्ती भरण्याच्या खिडकीत 4 हा आकडा हवा. दिवसाआड असेल तर 2. तीन आणि चार यांचा लसावि बारा असल्यामुळे 2 फेब्रुवारीनंतर बाराव्या दिवशी, 14 ला, दोन्ही मोजण्या एकत्र आल्या. फोन बिचारा निर्दोष आहे.

‘दहा दिवसांनी’, ‘वीस दिवसांनी’ या प्रयोगांत मात्र आपण सहसा पूर्ण दहा आणि वीसच धरतो. आठ आणि पंधरा हे दोनच आकडे असे रूढीने वाढलेले आहेत, कारण ते खरे तर आठवडा आणि पंधरवडा यांची टोपणनावे आहेत. म्हणून नियम पाठ करण्यापेक्षा एक सवय लावून घ्यावी: पुनरावृत्ती जतन केली की महिन्याचे पान उघडून पुढच्या तीन तारखा डोळ्यांनी पाहाव्यात. तिसरी तारीख बरोबर आली, तर आकड्याची चूक बहुधा नाही.

आता दुसऱ्या आणि चौथ्या शनिवाराविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण खरी गोम तिथे आहे. पुनरावृत्ती दोन जातींची असते. एक मोजायची: अमुक तारखेपासून दर इतक्या दिवसांनी किंवा आठवड्यांनी. दुसरी नावाने हाक मारायची: प्रत्येक महिन्यातला दुसरा शनिवार, शेवटचा सोमवार, दहा तारीख. बँका 1 सप्टेंबर 2015 पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, ही दुसऱ्या जातीची गोष्ट आहे. आणि ती पहिल्या जातीत बसते असा भास होतो, कारण दुसऱ्या शनिवारापासून चौथ्या शनिवारापर्यंत नेहमीच चौदा दिवस असतात. चौथ्यापासून पुढच्या महिन्याच्या दुसऱ्यापर्यंत मात्र महिन्यात चार शनिवार असतील तर चौदा आणि पाच असतील तर एकवीस दिवस जातात. यंदाच्या जानेवारीत 3, 10, 17, 24 आणि 31 असे पाच शनिवार होते. तुमचे ‘दर 2 आठवडे’ 24 जानेवारीवरून 7 फेब्रुवारीवर, म्हणजे पहिल्या शनिवारवर, गेले. खरा दुसरा शनिवार 14 फेब्रुवारीला होता. वर्षात पाच शनिवारांचे महिने चार किंवा पाच असतात आणि त्यांतला प्रत्येक महिना तुमची मालिका एका आठवड्याने चुकवतो. म्हणजे मे 2026 नंतर ती पुन्हा वेगळ्याच शनिवारांवर गेलेली दिसली असती आणि तुम्ही पुन्हा फोन बंद करून सुरू केला असता.

उपाय सोपा आहे. एकच नोंद करण्याचा आग्रह सोडावा आणि दोन नोंदी कराव्यात. 14 मार्चची सभा नोंदवून ‘दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी’ हा पर्याय निवडावा, 28 मार्चची वेगळी नोंद करून ‘चौथ्या शनिवारी’. गूगलच्या खिडकीत एका नोंदीला महिन्यातला एकच वार देता येतो, दोन देता येत नाहीत. एक खबरदारी घ्यावी. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातील तारीख असेल तर ‘चौथा शनिवार’ आणि ‘शेवटचा शनिवार’ असे दोन पर्याय समोर येतात. 28 मार्च हा चौथाही आहे आणि शेवटचाही. घाईत ‘शेवटचा’ निवडलात तर मे महिन्यात सभा 23 ऐवजी 30 तारखेला भरेल.

एकाच नोंदीत दोन्ही शनिवार हवेच असतील तर तेही शक्य आहे, पण खिडकीतून नाही. कॅलेंडरची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी आय-कॅलेंडर नावाचे एक प्रमाण आहे; त्याची पहिली आवृत्ती 1998 ची आणि सध्याची, आरएफसी 5545 या क्रमांकाची, 2009 ची. त्यात पुनरावृत्तीची एक ओळ असते. ती फाइलमध्ये रोमन लिपीत लिहायची असते, इथे वाचण्यापुरता तिचा उच्चार देतो: फ्रीक्वेन्सी बरोबर मंथली, बाय-डे बरोबर टू-एसए स्वल्पविराम फोर-एसए (एसए म्हणजे शनिवार). अशी ओळ असलेली आयसीएस फाइल, म्हणजे याच प्रमाणात लिहिलेली फाइल, संगणकावरून गूगल कॅलेंडरात आयात केली की एका नोंदीत दोन्ही शनिवार येतात. फक्त सुरुवातीची तारीख स्वतः दुसरा किंवा चौथा शनिवार असली पाहिजे, नाहीतर पहिलीच नोंद नियमाबाहेर पडते. पण सचिवपद उद्या दुसऱ्या कोणाकडे जाणार आहे, आणि त्या व्यक्तीला ही फाइल उघडता येईलच असे नाही. मी असतो तर दोन साध्या नोंदींवर समाधान मानले असते.

31 तारखेचे उत्तर याच प्रमाणात आहे. जी तारीख महिन्यात अस्तित्वातच नाही, ती नोंद गाळावी, असे तिथे ठरलेले आहे. त्यामुळे 31 ला लावलेले बिल वर्षातून सातच वेळा आठवेल आणि 30 ला लावलेले अकरा वेळा. जुन्या डेस्कटॉप आउटलुकने वेगळा मार्ग धरला आहे. ते लहान महिन्यात नोंद शेवटच्या दिवशी आणून ठेवते आणि तसे आधी सांगतेही. गूगलमध्ये मी करतो ती युक्ती अशी: नोंद 1 तारखेला, दिवसभराची, आणि तिची सूचना एक दिवस आधी. महिना अठ्ठावीसचा असो की एकतीसचा, एक तारखेच्या आदला दिवस हा शेवटचा दिवसच असतो.

टाकी आणि संकष्टी या दोन गोष्टी जाणकारांवर सोडतो. संकष्टीच्या बाबतीत मी फक्त मोदक खाणाऱ्यांपैकी आहे.

रात्रपाळी

अंकगणित यांनी मोजायच्या पुनरावृत्तीला थोडे दुय्यम ठरवले आहे, म्हणून तिच्या बाजूने लिहितो. माझे अख्खे घर तिच्यावर चालते.

आमच्या कारखान्यात आठ दिवसांचे चक्र आहे, आणि इथे आठ म्हणजे खरेच आठ. दोन दिवस पहिली पाळी सहा ते दोन, दोन दिवस दुसरी पाळी दोन ते दहा, दोन दिवस रात्रपाळी आणि दोन दिवस सुट्टी. आठवडा सातांचा आणि चक्र आठाचे, त्यामुळे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर याचा काही पॅटर्न दिसत नाही. दर महिन्याला खुणा नव्याने कराव्या लागत. आता कॅलेंडरात चार नोंदी आहेत. प्रत्येक नोंद सलग दोन दिवसांची, दिवसभराची, आणि पुनरावृत्ती दर 8 दिवसांनी. चौघींना चार रंग दिले आहेत. चार वर्षांत पाळी बदलली नाही तोवर एकदाही हात लावावा लागला नाही.

या नोंदींमुळे एक गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांपुढे आली. सात आणि आठ यांच्यात सामाईक काही नसल्याने छप्पन्न दिवसांनी चक्र पुन्हा त्याच वारावर येते, आणि त्या छप्पन्न दिवसांतल्या आठ रविवारांपैकी सुट्टीचे रविवार दोनच, तेही लागोपाठचे. मग सलग सहा रविवार कामाचे. बायको हे कित्येक वर्षे म्हणत होती, मी ते मनावर घेत नव्हतो. आता लग्नाची आमंत्रणे आली की ती आधी रंग पाहते, मग आहेराचे बोलते.

टाकीविषयी: तुम्ही नोंद 24 वर सरकवलीत तेव्हा समोर एक प्रश्न आला असणार, की बदल फक्त याच नोंदीला करायचा, की या आणि यापुढच्या सर्व नोंदींना. तुम्ही पहिला पर्याय घेतलात. तो घेतला की मालिका जागची हलत नाही, एकच मणी बाजूला होतो. दुसरा पर्याय घेतला असता तर जुनी मालिका तिथे संपून 24 फेब्रुवारीपासून नवी सुरू झाली असती आणि पुढची तारीख 10 एप्रिल आली असती. सहकाऱ्याशी एका दिवसाची पाळी बदलली तर मी ‘फक्त हीच’ निवडतो. कारखान्याने चक्रच पुढे ढकलले तर ‘ही आणि पुढच्या सर्व’. तुमच्या नळालाही हेच लागू आहे. जलवाहिनी फुटून पाणी एक दिवस उशिरा आले आणि पाळी तिथूनच पुढे चालू राहिली, तर चक्र सरकवायचे. पालिकेने मूळ पाळीच कायम ठेवली तर एकच नोंद हलवायची.

जुनी वही

आधीच्या सचिवांच्या वहीत या पाचही गोष्टी बरोबर होत्या, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

उपकेंद्र

वहीची बाजू मलाही घ्यावीशी वाटते, कारण आमचे लसीकरणाचे काम अजूनही बरेचसे कार्डावर आणि वहीतच चालते. पण टाकीचा प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही. आमच्या कामात तो रोजचा आहे.

बाळाच्या लसींना आम्ही बोलताना दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने असे म्हणतो. वेळापत्रकात मात्र ते सहा, दहा आणि चौदा आठवडे असे आहे. दीड महिना म्हणजे पंचेचाळीस दिवस असे धरून कोणी फोनमध्ये तारीख लावली तर ती तीन दिवस उशिरा येते, कारण सहा आठवड्यांचे दिवस बेचाळीसच होतात. तीन दिवसांनी फार बिघडत नाही. पण गावातला लसीकरणाचा ठरलेला वार निघून गेला की ते मूल पुढच्या सत्रापर्यंत राहून जाते, आणि मग बिघडते. त्यामुळे आयांच्या फोनमध्ये तारीख लावून देताना मी महिने हा शब्दच वापरत नाही, आठवडे भरते.

याहून महत्त्वाचे पुढचे आहे. समजा सहा आठवड्यांचा डोस ताप असल्याने सातव्या आठवड्यात दिला. मग पुढचा डोस जन्मापासून दहाव्या आठवड्याला द्यायचा नसतो. दिलेल्या डोसापासून किमान चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. म्हणजे पुढची तारीख ठरलेल्या तारखेवरून नव्हे, काम प्रत्यक्ष ज्या दिवशी झाले त्या दिवसावरून मोजायची. कॅलेंडरला हे आपणहून कळणे शक्य नाही, कारण काम झाले की नाही हे ते विचारतच नाही. तारीख उजाडली आणि मावळली की त्याच्या लेखी नोंद संपली. रात्रपाळी यांनी सांगितलेला ‘ही आणि पुढच्या सर्व’ हा मार्ग चालतो, पण तो माणसाला दर वेळी आठवावा लागतो.

तुमच्या यादीतल्या प्रत्येक कामाला म्हणून एक प्रश्न विचारून पाहावा: हे उशिरा झाले तर पुढचेही उशिरा व्हायला हवे का? सभा एक शनिवार बुडाली म्हणून पुढची सरकत नाही. बिलही सरकत नाही. टाकी सरकते, कारण गाळ धुतल्या दिवसापासून साचतो. सरकणारी कामे कॅलेंडरात न ठेवता कामांच्या यादीच्या ॲपमध्ये ठेवावीत असे माझे मत आहे. टुडूइस्ट या ॲपमध्ये पुनरावृत्ती लिहिताना ‘एव्हरी’ या शब्दाला लागून उद्गारचिन्ह दिले, की पुढची तारीख खूण केल्याच्या दिवसापासून मोजली जाते. चिन्ह नसेल तर ठरलेल्या तारखेपासून. एका चिन्हाचा फरक आहे, पण सगळे त्यातच आले.

अंकगणित

उपकेंद्र यांचा प्रश्न माझ्या दोन जातींपेक्षा उपयोगी आहे, हे मान्य करतो. प्रोग्रॅमर मंडळी कामांच्या नोंदी ठेवायला वापरतात त्या ऑर्ग-मोडमध्येही हाच भेद आहे: नुसते अधिकचिन्ह दिले तर ठरलेल्या तारखेवरून मोजणी, अधिकाच्या आधी टिंब दिले तर काम उरकल्याच्या दिवसावरून.

पंचांगाचा नाद

संकष्टीसाठी कोणताही आकडा शोधू नये. तो मिळणार नाही, आणि का मिळणार नाही हे सांगतो.

चांद्रमास सरासरी 29.53 दिवसांचा असतो. तुम्ही 6 जानेवारी ते 5 फेब्रुवारी हे तीस दिवसांचे अंतर पाहिलेत. 5 फेब्रुवारी ते 6 मार्च हे अंतर एकोणतीसच दिवसांचे आहे. तीस लावले तर दर महिन्याला साधारण अर्धा दिवस पुढे सरकते, आणि वर्षाअखेरीस संकष्टीची सूचना पाच-सहा दिवस उशिरा, नवमी-दशमीच्या सुमारास, वाजू लागते. एकोणतीस लावले तर तितकीच आधी, पौर्णिमेच्याही अलीकडे. आलटून पालटून एकोणतीस आणि तीस लावावे असेही काहींना सुचते. त्यानेही भागत नाही, कारण ही अंतरे ठरावीक क्रमाने येत नाहीत. तिथी म्हणजे दिवस नव्हेच. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे जायला जो वेळ लागतो, ती तिथी. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने कधी ती एकोणीस-वीस तासांत आटोपते, कधी सव्वीस तास रेंगाळते. त्यात संकष्टी ठरते ती कृष्ण चतुर्थी चंद्रोदयाच्या वेळी असेल त्या दिवशी. सूर्योदयाच्या वेळची तिथी इथे पाहत नाहीत. ज्या गोष्टीसाठी आधी आकाशाचे गणित मांडावे लागते, ती ‘दर अमुक दिवसांनी’ या खिडकीत कशी मावेल?

वर उल्लेखिलेल्या प्रमाणाला 2015 मध्ये आरएफसी 7529 ही पुरवणी जोडली गेली. तिच्यामुळे चिनी किंवा हिब्रू पंचांगांनुसार पुनरावृत्ती लिहिण्याची सोय झाली. अधिक महिना आला तर नोंद गाळावी, मागे घ्यावी की पुढे, हेही तिच्यात सांगता येते. आपल्याकडचे जे कॅलेंडर अशा प्रणालींमध्ये ‘भारतीय’ या नावाने असते, ते 22 मार्च 1957 पासून लागू झालेले राष्ट्रीय सौर कॅलेंडर आहे. त्याचे महिने चैत्र-वैशाखच असले, तरी त्यात तिथी नाही. ते निवडून संकष्टी साधेल या आशेवर मी स्वतः एक रविवार घालवला आहे.

शहाणपणाचा मार्ग म्हणजे पुनरावृत्ती लावायचीच नाही. पंचांग समोर घ्यावे, वर्षाच्या सर्व संकष्टी स्प्रेडशीटमध्ये उतरवाव्यात, एका रकान्यात विषय आणि दुसऱ्यात तारीख, ती सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, म्हणून जतन करावी आणि संकष्टीसाठी वेगळे कॅलेंडर उघडून त्यात आयात करावी. वेगळे अशासाठी की, काही चुकले तर ते एक कॅलेंडर रिकामे करून पुन्हा भरता येते, बाकीच्या नोंदींना धक्का लागत नाही. आयात संगणकावरूनच करावी लागते, फोनच्या ॲपमध्ये ती सोय नाही. रकान्यांची नावे इंग्रजीत लागतात आणि तारखेत महिना आधी, दिवस नंतर असा क्रम ठेवावा. 5 फेब्रुवारीची 2 मे होण्याचा अनुभव मला आहे. यंदा 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. एकूण संकष्टी बारा नव्हे, तेरा भराव्यात, नाहीतर आजी पुन्हा सर्वांदेखत बोलतील. त्यांतली कोणती अंगारकी, हेही हातानेच लिहावे. ‘चतुर्थी असेल आणि मंगळवारही असेल’ असा नियम समजणारी पुनरावृत्तीची खिडकी माझ्या पाहण्यात नाही.

सचिव, ब विंग (12 मार्च 2026)

सर्वांचे मनापासून आभार. केलेले बदल नोंदवतो, म्हणजे कोणाला चूक दिसल्यास सांगता येईल.

सभेच्या दोन नोंदी केल्या. 28 मार्चला खरोखरच दोन पर्याय समोर आले आणि बोट ‘शेवटचा’वर जाता जाता थांबले. नळाचा आकडा 4 केला. 10 तारखेची सूचना आणि पाणी दोन्ही सकाळी सहा वाजता आले. संकष्टीचे वेगळे कॅलेंडर करून उरलेल्या तारखा आजींकडून तपासून घेऊन भरल्या. त्यांनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली आणि एका तारखेत माझी लिहिण्यातली चूक काढली. टाकीचे काम कॅलेंडरातून काढले असून ते आता कामांच्या यादीत, उद्गारचिन्हासह, आहे. पुढची तारीख 10 एप्रिल दिसते.

राहिला बिलाचा मुद्दा. 1 तारखेच्या आदल्या दिवशी सूचना ही युक्ती आवडली, पण महिन्याचा शेवटचा दिवस बँकेच्या सुट्टीचा निघाला तर धनादेश वटण्यास उशीर होतो आणि रक्षकांचे पगार अडकतात. शेवटचा कामाचा दिवस धरता येईल का?

अंकगणित

ॲपलच्या मॅकवरील कॅलेंडरात आणि डेस्कटॉप आउटलुकमध्ये महिन्याचा शेवटचा कामाचा वार निवडण्याची सोय आहे, आणि आयसीएस फाइलमध्येही ते लिहिता येते: सोमवार ते शुक्रवार हे पाच वार देऊन त्यांतला शेवटचा घ्यावा, असे. पण त्यांच्या लेखी कामाचा वार म्हणजे शनिवार-रविवार सोडून बाकीचे. दिवाळी, ईद, 31 मार्च या दिवशी बँकेत काय स्थिती असते, हे त्यांना माहीत नसते. नुकतीच गेलेली 28 फेब्रुवारी पाहा. ती शनिवारी आली, आणि महिना अठ्ठावीस दिवसांचा असल्याने तो शनिवार एकाच वेळी चौथाही होता आणि महिन्याचा शेवटचा दिवसही. महिन्याचा शेवटचा दिवस हाच चौथा शनिवार, असा योग अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीतच येऊ शकतो, एरवी कधीही नाही. तुमची नोंद 31 ऐवजी महिन्याच्या शेवटच्या दिवसावर असती, तरी त्या दिवशी बँकेचे दार बंदच होते. धनादेश 27 लाच द्यायला हवा होता.

म्हणून बिलासाठी नेमका दिवस शोधत बसू नये. नोंद दर महिन्याच्या 25 तारखेला ठेवावी. 25 तारीख प्रत्येक महिन्यात असते, आणि सुट्ट्या आडव्या आल्या तर म्हणून महिनाअखेरीपर्यंत हातात निदान तीन दिवस असतात.

सचिव, ब विंग

25 तारीख लावली. 14 मार्चच्या सभेची सूचना आज सर्व अकरा सदस्यांना बरोबर गेली आहे. सभागृहाच्या कुलपाची किल्ली मात्र अजून आधीच्या सचिवांकडे आहे आणि ते 20 तारखेपर्यंत गावी गेले आहेत, असे आत्ताच समजले.